कट्टा, पिस्तूल की रिव्हॉल्व्हर? गोळीबाराच्या बातमीतले शब्द

तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही चोपडा तालुक्यातून बातम्या पाठवता. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये ‘एक गावठी बनावटीचा कट्टा मॅगझीनसह, व दोन जिवंत राऊंड’ असं होतं. तुम्ही ‘रिव्हॉल्व्हर’ लिहिलं, दुसऱ्या पेपरात ‘पिस्तूल’ आलं, तिसऱ्यात ‘देशी कट्टा’, आणि लोक तुम्हालाच विचारू लागले की यातलं खरं काय. त्याच आठवड्यात वरातीत एकाच्या हातून गोळी सुटून वऱ्हाडी जखमी झाला. तिथे तुम्ही ‘मिसफायर’ लिहिलंत, तर एका माजी सैनिकाने फोन करून शब्द चुकल्याचं सांगितलं. कोणता शब्द कधी वापरायचा, याची यादी तुम्हाला हवी आहे.

नुसती यादी रात्री साडेदहाला, पान सोडायच्या घाईत, कामाला येत नाही. वस्तू डोळ्यांसमोर असली की शब्द आपोआप बरोबर पडतो. शिवाय तुमची खरी अडचण शब्दांच्याही आधीची आहे. हत्यार कोणी पाहिलं, ते जप्त झालं का, आणि नोट लिहिणाऱ्याने ते हातात घेऊन लिहिलं की ऐकून, हे कळल्याशिवाय कोणताच शब्द पक्का होत नाही. डेस्कवर गोळीबाराची कॉपी आली की मी आधी एवढंच विचारतो: हत्यार मिळालंय का? मिळालं नसेल, तर ते कट्टा होतं की पिस्तूल हे त्या घटकेला फार तर झाडणाऱ्याला माहीत असतं. तेव्हा ‘अग्निशस्त्र’ लिहायचं, आणि पुढे स्वतंत्र वाक्य टाकायचं: ‘शस्त्र अद्याप मिळालेले नाही.’ हे वाक्य आपल्या बातम्यांतून सर्रास गळतं.

आता तुमच्या नोटकडे येतो, कारण तिचं उत्तर तिच्यातच आहे. मॅगझीन म्हणजे काडतुसं भरायची पेटी, जी पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवतात. रिव्हॉल्व्हरला अशी पेटी नसते. त्याला फिरतं चक्र असतं, चक्रात बहुधा पाच किंवा सहा घरं, प्रत्येक घरात एक काडतूस. त्यामुळे ‘मॅगझीनसह’ हा शब्द नोटमध्ये असेल तर रिव्हॉल्व्हर लिहिणं चूकच. आणि खरा कट्टा म्हणजे एकनळी, एकबारी हत्यार. नळी मोडून उघडायची, एक काडतूस घालायचं, बंद करायचं, झाडायचं, परत उघडून रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचा मागे राहिलेला नळा, बाहेर काढायची. त्यालाही मॅगझीन नसतं. तुमच्या पोलिसांनी जप्त केलं ते गावठी बनावटीचं पिस्तूल. आपल्याकडे पोलीस आणि लोक दोघंही कोणत्याही गावठी हत्याराला ‘कट्टा’ म्हणतात, म्हणून नोटमध्ये तो शब्द आला. पोलिसांची ती बोलीभाषा आहे, त्यात त्यांना दोष देत नाही. बातमीत मात्र ‘गावठी पिस्तूल’ लिहावं. म्हणजे दुसऱ्या पेपराचं ‘पिस्तूल’ बरोबर होतं, फक्त ‘गावठी’ राहिलं होतं.

एवढा कीस कशासाठी, असं वाटेल. या तीन शब्दांवर सगळ्या घटनेचा हिशोब ठरतो. पिस्तूल प्रत्येक वेळी झाडल्यावर रिकामी पुंगळी बाहेर फेकतं, म्हणून घटनास्थळी पुंगळ्या पडलेल्या मिळतात. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या चक्रातच राहतात आणि कट्ट्याची नळीत, म्हणजे हल्लेखोर त्या सोबत घेऊन जातो. आता बातमीत ‘कट्ट्यातून धडाधड पाच गोळ्या झाडल्या’ असं आलं की माझा पेन थांबतो. एकबारी कट्ट्याने पाच वेळा झाडायचं तर मधे चार वेळा नळी उघडून पुन्हा भरावी लागते. तेवढ्यात लोक धावून येतात किंवा पळून जातात. मग एक तर ते पिस्तूल होतं, किंवा हत्यारं दोन होती, किंवा पाच हा आकडा ऐकीव आहे. तसंच ‘रिव्हॉल्व्हरमधून आठ राऊंड’ आणि ‘रस्त्यावर आठ पुंगळ्या’ एकाच बातमीत आले, तर दोन्हींपैकी एक गोष्ट तपासायला हवी. तपास अधिकाऱ्याला हाच प्रश्न विचारलात तर तोही सावरून बोलतो, कारण समोरच्याला कळतंय हे त्याच्या लक्षात येतं.

हत्यारांचा एक दुसरा घोळ लांब नळीच्या बाबतीत होतो. बँकेच्या दारावरच्या रखवालदाराच्या खांद्यावर पुष्कळदा बारा बोअरची बंदूक असते आणि आपण तिला ‘रायफल’ लिहितो. रायफलीच्या नळीत आतून आटे पाडलेले असतात, त्या आट्यांमुळे गोळी फिरत जाते, त्यावरूनच तिला ते नाव पडलं. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्या काडतुसात बहुधा छर्रे असतात. खात्री नसेल तर ‘बंदूक’ लिहा. सातपुड्याच्या पट्ट्यात, यावल-रावेरपासून धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत, अजूनही ठासणीच्या बंदुकीची बातमी येते. ठासणीत काडतूस नसतंच. तोंडाकडून दारू, बोळा आणि छर्रे ठासतात, मागे दारू पेटवणारी टोपी बसवतात. तेव्हा ‘ठासणीच्या बंदुकीसह तीन काडतुसे जप्त’ अशी ओळ आली, तर नोट पुन्हा वाचा. बहुतेक वेळा तिथे छर्रे, दारू आणि टोप्या असतात, किंवा बंदूक ठासणीची नसते.

आता काडतूस. एक पिस्तुलाचं काडतूस डोळ्यांसमोर आणा, ०.३२ चं (या आकड्याचा अर्थ पुढे सांगतो). उंची साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढी. खालचा पितळी नळा म्हणजे पुंगळी. तिच्या बुडात मधोमध एक छोटी गोल चकती बसवलेली दिसते, ती टोपी. पुंगळीच्या आत दारू. आणि वरच्या तोंडात घट्ट बसवलेलं टोक, ती गोळी, वजनाला जेमतेम साडेचार ग्रॅम. घोडा दाबला की पिन टोपीवर आपटते, टोपी पेटते, दारू पेटते, वायूच्या दाबाने गोळी नळीतून पुढे जाते आणि पुंगळी मागे राहते. चारही मिळून काडतूस. पोलीस त्यालाच राऊंड म्हणतात.

यावरून कितीतरी ओळी आपोआप दुरुस्त होतात. ‘डॉक्टरांनी पोटातून काडतूस काढले’, हे होऊच शकत नाही. पोटात गेली ती गोळी. ‘घटनास्थळी तीन गोळ्या सापडल्या’, ही ओळ तर सर्वांत घातक, कारण तिचे तीन अर्थ निघतात. तीन रिकाम्या पुंगळ्या असतील, तर तीन वेळा झाडलं. तीन जिवंत काडतुसं असतील, तर ती झाडलीच नाहीत, पडली किंवा टाकून दिली. भिंतीत रुतलेलं तीन ठिकाणचं शिसं असेल, तर गोळ्या कोणत्या दिशेने गेल्या हे सांगणारा तो पुरावा आहे. ठाणे अंमलदाराला एकच प्रश्न विचारायचा: पुंगळ्या की जिवंत? उत्तर लगेच मिळतं, कारण पंचनाम्यात ते वेगवेगळं लिहिलेलं असतं.

छर्ऱ्यांचं गणित निराळं. बारा बोअरच्या एका काडतुसात मोठे छर्रे असतील तर आठ-नऊ, बारीक असतील तर शेकडो. अंगावर तीस जखमा दिसल्या तरी बार एकच असू शकतो. ‘तीस गोळ्या लागल्या’ असं लिहिलं तर ते सपशेल खोटं होतं. आणि छर्ऱ्याची बंदूक म्हणजे हवेच्या दाबाची एअरगन, जी केळीच्या बागेत माकडं-पाखरं हाकायला वापरतात, ती वेगळीच वस्तू. ‘छर्रा लागून जखमी’ लिहिताना छर्रा एअरगनचा की बारा बोअरचा हे लिहायलाच हवं. एकात जखम बहुधा वरवरची असते, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो.

आकड्यांकडे वळतो. इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या चटकन दिसतात. ‘०.३२ मिमीचे पिस्तूल’ असं छापून येतं. लीड भरायच्या पेन्सिलीचं बारीक शिसंही ०.५ मिलिमीटर असतं, त्याहून बारीक नळी कशी असेल? ०.३२ हे इंचात आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यामुळे ते साधारण आठ मिलिमीटरच्या आसपास येतं. दशांशचिन्ह गळून ‘३२ बोअर’ असं बोलतात, तेही चालतं, पण ‘३२ मिमी’ लिहिलं की ती तोफेजवळ जाते. ०.३१५ म्हणजे बरोबर आठ मिलिमीटर, आणि ०.३०३ म्हणजे ७.७.

०.३२ आणि ७.६५ मिलिमीटर यांत वाद घालू नका. पिस्तुलाच्या बाबतीत ही एकाच काडतुसाची दोन नावं आहेत. एका पेपरात एक आणि दुसऱ्यात दुसरं आलं, तरी दोघंही बरोबर असू शकतात. मात्र ०.३२ चं रिव्हॉल्व्हर असेल तर त्याचं काडतूस वेगळं, लांबीला जास्त आणि बुडाशी बाहेर आलेल्या कडेचं. म्हणून ‘रिव्हॉल्व्हर आणि त्याची ७.६५ ची पिस्तुलाची काडतुसे’ अशी जोडी नोटमध्ये दिसली, तर विचारून घ्यावं. जप्त काडतुसं त्या हत्याराची नसतील तर ती स्वतंत्र माहिती आहे, आणि कधी कधी दुसरं हत्यार कुठेतरी असल्याची खूण आहे.

बारा बोअरमधला ‘बारा’ हा आकडा ना इंचात आहे ना मिलिमीटरमध्ये. नळीत बरोबर बसेल अशी शिशाची गोल गोळी केली, तर एका पौंडात म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये अशा बारा बसतात, त्यावरून तो आकडा आला. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. याच हिशोबाने सोळा बोअरची नळी बाराहून अरुंद असते. आकडा वाढला की नळी बारीक होते, हे लक्षात ठेवा.

काडतुसाच्या बुडावर इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. नोटमध्ये ‘के एफ ७.६५ असे लिहिलेले दोन राऊंड’ असं असेल तर ते विदेशी कंपनीचं नाव समजू नका. के एफ म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. आपल्याच भुसावळ तालुक्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची काडतुसं बनतात, ती सैन्यदलं आणि पोलिसांच्या रायफलींची. अशी पुंगळी एखाद्या शेतात मिळाली तर ती मोठी बातमी आहे, पण ‘लष्कराची गोळी’ लिहू नका. काडतूस कुठे बनलं हे शिक्का सांगतो, ते कोणाच्या हातून तिथे आलं हे सांगत नाही. उलट बाजूने, गावठी पिस्तुलांच्या अंगावर ‘मेड इन यूएसए’, ‘मेड इन इटली’ असं ठोकलेलं पुष्कळदा दिसतं. तेवढ्यावर ‘विदेशी बनावटीचे पिस्तूल’ लिहिणं म्हणजे बनवणाऱ्याच्या थापेवर आपली सही करणं.

आता मिसफायर. तुमचा तो माजी सैनिक बरोबर होता, आणि ही चूक मला बाकी सगळ्यांपेक्षा गंभीर वाटते. मिसफायर म्हणजे घोडा दाबला, पिन टोपीवर आपटली, आणि काडतूस उडालंच नाही. आपण मात्र ‘मिसफायर होऊन वऱ्हाडी जखमी’ लिहितो, म्हणजे नेमका उलटा अर्थ. नको असताना बार झाला, तर साधं मराठी आहे: ‘गोळी सुटली’. हातून सुटली, पडून सुटली, साफ करताना सुटली. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पिस्तूल अडकणं, ज्याला जॅम म्हणतात. त्यात पुंगळी नीट बाहेर पडत नाही किंवा पुढचं काडतूस चढत नाही.

हा फरक कोर्टात जाऊन भिडतो. कोणी दुसऱ्यावर पिस्तूल रोखून घोडा दाबला आणि काडतूस मिसफायर झालं, तर जखम नसली तरी तो खुनाचा प्रयत्न ठरू शकतो, भारतीय न्याय संहितेचं कलम १०९. त्या न उडालेल्या काडतुसाच्या टोपीवर पिनेचा खड्डा उमटलेला असतो, आणि तो महत्त्वाचा पुरावा असतो. वरातीत गोळी सुटली तर मुद्दा निष्काळजीपणाचा येतो. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ मध्ये पोटकलम ९ घातलं: आनंदाच्या भरात किंवा निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्न-मिरवणुकाही त्यात आल्या. माणूस दगावला तर न्याय संहितेची कलमं त्यावर लागतात. म्हणजे एका शब्दाने तुम्ही आरोपीला नकळत सोडवता किंवा अडकवता. पूर्ण अंदाज येईपर्यंत ‘गोळी सुटून’ हेही लिहू नका, कारण त्यातही अपघात गृहीत धरलेला आहे. ‘पिस्तुलातील गोळी लागून जखमी, नेमके काय घडले याचा तपास सुरू आहे’ एवढं पुरतं.

पिस्तूल साफ करताना गोळी सुटते, हे लोकांना बनाव वाटतं. बनाव असतोही, पण एक खरं कारणही आहे. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असा समज असतो. आधी एक काडतूस नळीच्या घरात चढलेलं असेल, तर मॅगझीन बाहेर काढूनही ते आतच राहतं. नुसत्या मॅगझीनकडे पाहून घोडा दाबला की बार होतो. बातमीत हे एक वाक्य समजावून लिहिलंत तर एखाद्या परवानाधारकाच्या घरातला अपघात टळू शकतो.

‘अत्याधुनिक स्वयंचलित’ ही जोडगोळी काढूनच टाका. कायद्याच्या दृष्टीने स्वयंचलित म्हणजे घोडा दाबून धरला की सोडेपर्यंत किंवा पेटी संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात असं हत्यार. ते प्रतिबंधित शस्त्रांत मोडतं आणि त्याची शिक्षा जबर आहे. सर्वसाधारण पिस्तूल एका दाबाला एकच गोळी झाडतं, फक्त पुढचं काडतूस आपोआप चढवतं. अंगावर ‘ऑटो’ कोरलेलं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच. लांब नळी दिसली की एके-४७ लिहिणं हेही त्याच जातीचं.

जखमांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे घरच्यांचं दुःख गुंतलेलं असतं. एक गोळी दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली, तर जखमा तीन: दंडावर दोन, छातीवर एक. पाठीतून बाहेर पडली तर चार. रुग्णालयाच्या दारात नातेवाईक ‘चार गोळ्या लागल्या’ म्हणतात आणि आपण तसंच छापतो, पुढे पंचनाम्यात पुंगळी एकच निघते. मग गावभर चर्चा होते की पोलिसांनी पुंगळ्या लपवल्या. संशयाचं हे बीज आपण पेरलेलं असतं. किती गोळ्या लागल्या हे एक्स-रे आणि शवविच्छेदनाआधी नक्की होत नाही. तोवर ‘दंडावर आणि छातीवर जखमा आहेत’ असं लिहा. जखम मोठी म्हणजे बाहेर पडल्याची, लहान म्हणजे आत शिरल्याची, हा ठोकताळाही नेहमी लागू पडत नाही. शिरल्याची आणि बाहेर पडल्याची हे डॉक्टरांना ठरवू द्या.

‘पॉइंट ब्लँक’चंही तसंच. नेमबाजीत त्याचा अर्थ नळी वर न उचलता सरळ रोखून मारा करता येईल एवढं अंतर, आपण मात्र ते ‘कानशिलाला टेकवून’ या अर्थाने वापरतो. साक्षीदाराने पाहिलं असेल तर ‘अगदी जवळून झाडल्याचे प्रत्यक्षदर्शीने सांगितले’ असं लिहा. खरं अंतर जखमेभोवतीची काजळी आणि कातडीत रुतलेल्या दारूच्या कणांवरून तपासतात. तो अंदाज डॉक्टर आणि प्रयोगशाळा देते.

साक्षीदार खोटं बोलतो असं नाही, पण आवाजाच्या बाबतीत कान फसतात. ‘फटाका फुटना आसं वाटनं’ हे आपल्याकडे प्रत्येक घटनेत ऐकू येतं. गल्लीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, तेव्हा दोनाचे चार होतात. म्हणून साक्षीदाराचा आकडा त्याच्या नावावर आणि पुंगळ्यांचा आकडा पोलिसांच्या नावावर टाकायचा, दोन्ही एकत्र करून तिसरा आकडा बनवायचा नाही. पुंगळीही नाही, जखमही नाही आणि शिसंही नाही, अशा वेळी शीर्षकात ‘गोळीबार’ नको. ‘गोळीबार झाल्याची तक्रार’ असं म्हणा. आपल्या भागात एका चुकीच्या शीर्षकावर अर्ध्या तासात बाजारपेठ बंद होते.

कलमांचं पटकन सांगतो. ‘आर्म ॲक्ट ३/२५’ हा अपूर्णांकही नाही आणि ‘३ ते २५’ही नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ चा भंग, म्हणजे विनापरवाना अग्निशस्त्र किंवा काडतुसं बाळगणं, आणि त्याची शिक्षा कलम २५ मध्ये. ‘४/२५’ दिसलं तर बहुधा तलवार, कोयता, चॉपर अशा धारदार शस्त्राचं प्रकरण असतं. तिथे कोणी ‘शस्त्र जप्त’ या शब्दावरून पिस्तूल लिहिलं तर फजिती ठरलेली. कलम २७ आलं म्हणजे शस्त्र वापरल्याचा आरोप आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७ आणि १३५ हे जिल्हाधिकाऱ्यांच्या मनाई आदेशाच्या भंगासाठी जोडलेलं असतं. हत्यार परवान्याचं असेल तर ‘बेकायदा पिस्तूल’ लिहू नका. परवान्याच्या अटी मोडल्या असतील तर कलम ३० वेगळं आहे.

‘बॅलेस्टिक अहवालातून सत्य बाहेर येईल’ हे वाक्यही जपून वापरा. मुद्देमाल न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाला महिने लागू शकतात. पुष्कळ कट्ट्यांच्या नळीत आटे नसतात, त्यामुळे गोळीवर आट्यांच्या खुणा उमटत नाहीत आणि गोळी-हत्यार जुळवणं अवघड होतं. तिथे पुंगळीच्या टोपीवरचा पिनेचा ठसा जास्त उपयोगी पडतो. पुंगळी मिळाली की नाही, हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला सांगतो तो त्यासाठीच.

‘उमर्टीचा कट्टा’ हाही आपल्याकडचा तयार साचा आहे. चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी अवैध शस्त्रांसाठी वारंवार बातम्यांत येतं, हे खरं. पण जप्त झालेलं प्रत्येक गावठी हत्यार तिथलंच, हे पंचनामा सांगत नाही. आरोपीने सांगितलं असेल तर ‘आरोपीने सांगितल्याचे पोलिसांनी सांगितले’ एवढंच लिहा, आणि सबंध गावाला किंवा एखाद्या समाजाला बातमीत ओढू नका. नोटमधली किंमतही माझ्या मते वगळावी. तो मुद्देमालाचा अंदाजे आकडा असतो, आणि छापला की विकत घेऊ पाहणाऱ्याला भाव कळतो.

हे सगळं एकत्र कसं दिसतं, ते पाहा. नेहमीची कॉपी अशी येते: ‘अज्ञात हल्लेखोरांनी अत्याधुनिक स्वयंचलित रिव्हॉल्व्हरमधून पॉइंट ब्लँक अंधाधुंद गोळीबार केला. तरुणाला चार गोळ्या लागल्या असून घटनास्थळी दोन काडतुसे सापडली.’ एवढ्या दोन वाक्यांत मला सहा गोष्टी अडतात. तीच मी अशी सोडेन: ‘दुचाकीवरून आलेल्या दोघांनी अग्निशस्त्रातून गोळ्या झाडल्याचे प्रत्यक्षदर्शीने सांगितले. तरुणाच्या दंडावर व छातीवर जखमा असून किती गोळ्या लागल्या हे वैद्यकीय तपासणीनंतर स्पष्ट होईल. घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या मिळाल्याचे पोलीस निरीक्षकांनी सांगितले. शस्त्र मिळालेले नाही.’ शब्द जवळपास पावणेदोनपट झाले, पण दुसऱ्या दिवशी यातलं एकही वाक्य मागे घ्यावं लागत नाही.

किती तपासता येईल हे अर्थात वेळेवर आणि ठाण्यातल्या माणसावर अवलंबून आहे. रात्री दहानंतर कोणी फोन उचलत नसेल तर नोटमधला शब्द अवतरणात ठेवून ‘पोलिसांच्या नोटनुसार’ म्हणा. फोन लागला तर विचारायचं थोडंच आहे: हत्यार मिळालं का, त्याला मॅगझीन आहे की चक्र की एकच नळी, मिळाल्या त्या पुंगळ्या की जिवंत, आणि गुन्हा कोणत्या कलमांखाली. दोन मिनिटांचं काम आहे. जप्त मुद्देमालाचा फोटो नोटसोबत आला असेल तर तो मोठा करून पाहा. चक्र, मॅगझीन, नळी डोळ्यांनी दिसते. फक्त दागिना दाखवावा तसा तो पान एकवर छापू नका.

वरातीची तुमची बातमी अजून दुरुस्त करता येईल. ‘मिसफायर’च्या जागी काय हवं होतं हे एका ओळीत, त्याच पानावर, जखमी वऱ्हाड्याच्या प्रकृतीच्या पुढच्या बातमीसोबत द्या. आणि त्या माजी सैनिकाचा फोन नंबर जपून ठेवा, पुढच्या वेळी बातमी सोडायच्या आधी त्यांनाच विचारा.